सर्व्हर डाऊन, मुदत समाप्त

कर्वे रस्त्यापासून पौड रस्त्यापर्यंत पुण्यातल्या कोथरूडमधल्या बँका, पतसंस्था आणि सेवा केंद्रांच्या काउंटरवर एक वाक्य रोज कुठे ना कुठे ऐकू येतं : ‘सर्व्हर डाऊन आहे, थोड्या वेळानं या.’ थोडा वेळ म्हणजे किती, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि ऐकणाराही फारसं ताणून धरत नाही. सर्व्हर बंद पडण्याची कारणं पुष्कळ. डिस्क भरते, रस्ता खोदताना केबल तुटते, यूपीएस दगा देतो, कुणीतरी नको त्या ठिकाणी क्लिक करतं. यांतलं काहीच आधी नेमकं वर्तवता येत नाही. मात्र एक कारण असं आहे की त्याची तारीख आणि वेळ, अगदी सेकंदापर्यंत, त्याच यंत्रात नोंदलेली असते, आणि तीही कित्येकदा दोन-दोन वर्षं आधी. ते कारण म्हणजे डिजिटल सर्टिफिकेटची मुदत संपणं. तरीही ही तारीख मायक्रोसॉफ्टपासून दोन सर्व्हरच्या छोट्या ऑफिसापर्यंत सगळ्यांना बेसावध गाठते. मग संबंधित माणसाच्या निष्काळजीपणावर खापर फुटतं, एखाद्याची बदली होते, आणि दोन वर्षांनी तेच पुन्हा घडतं. एकच चूक हुशार आणि मेहनती माणसांकडूनही इतक्या नेमानं होत असेल, तर दोष माणसांपेक्षा व्यवस्थेच्या मांडणीत शोधायला हवा. माझ्या मते तो मुदतीच्या लांबीत आहे. सर्टिफिकेटची मुदत जितकी लांब, तितकी ती संपताना होणारी पडझड मोठी. हे ऐकायला उलटं वाटतं, म्हणून जरा तपशिलात जायला हवं.

आधी ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणजे काय ते पाहू. पूर्वी एक काम म्हणजे एक सर्व्हर असा हिशेब होता : ईमेलला एक, हिशेबाच्या सॉफ्टवेअरला एक, हजेरीला एक. त्यातले बहुतेक दिवसभर रिकामे बसून वीज खात. मग एकाच दणकट यंत्राच्या पोटात सॉफ्टवेअरनं वीस-पंचवीस स्वतंत्र संगणक मांडण्याची पद्धत रुळली. त्यांतल्या प्रत्येकाला आपण स्वतंत्र यंत्र आहोत असंच वाटतं. खालच्या दणकट यंत्राला म्हणायचं होस्ट, आतल्या प्रत्येकाला व्हर्च्युअल मशीन, किंवा रोजच्या बोलण्यात नुसतं ‘व्हीएम’. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या अमेरिकी कंपनीनं हे तंत्र ऑफिसाऑफिसांत पोचवलं. तिचं ईएसएक्सआय हे सॉफ्टवेअर होस्टवर बसतं आणि अशा अनेक होस्टचा कारभार एका ठिकाणाहून पाहण्यासाठी व्हीसेंटर नावाचं दुसरं सॉफ्टवेअर लागतं. वनाजपासून डहाणूकर कॉलनीपर्यंतची कुठलीही गृहसोसायटी डोळ्यांसमोर आणा. इमारत म्हणजे होस्ट, फ्लॅट म्हणजे व्हीएम आणि तळमजल्यावरचं सोसायटीचं ऑफिस म्हणजे व्हीसेंटर. ऑफिसला कुलूप लागलं म्हणून कुणाच्या घरातला दिवा विझत नाही. पण नवा भाडेकरू ठेवायचा असेल, ना-हरकत पत्र हवं असेल, पाण्याच्या टाकीचं काम काढायचं असेल तर सगळं तिथंच अडतं. व्हीसेंटर बंद पडल्यावर नेमकं असंच होतं. चालू व्हीएम चालूच राहतात. पण नवं व्हीएम तयार करता येत नाही, एका होस्टवरचा भार दुसऱ्यावर हलवता येत नाही, आणि रात्रीचा बॅकअप व्हीसेंटरला विचारूनच चालत असल्यामुळे तोही होत नाही. पहिल्या दिवशी कुणाला काही जाणवत नाही, हाच या आजाराचा धोका.

आता सर्टिफिकेट. व्हीसेंटर हा एकच एक प्रोग्रॅम नाही. त्यात डझनावारी लहान सेवा सतत एकमेकींशी बोलत असतात. समोरचा खरंच तोच आहे ना, हे पडताळायला प्रत्येक सेवा आपलं सर्टिफिकेट दाखवते. त्यात नाव असतं, एक सार्वजनिक किल्ली असते, देणाऱ्याची डिजिटल सही असते आणि ‘या क्षणापासून या क्षणापर्यंत ग्राह्य’ असा काळ नमूद असतो. मराठी वाचकाला ही वस्तू अनोळखी नाही. कोथरूडमधल्या कुठल्याही सीएच्या ऑफिसात अशिलांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावलेली यूएसबी टोकनं ड्रॉवरभर सापडतील. जीएसटी, आयकर, ई-निविदा यांसाठी लागणारी ती ‘डीएससी’ म्हणजे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली परवाना मिळालेल्या संस्थांनी दिलेली सर्टिफिकेटंच. व्हीसेंटरमधल्या सर्टिफिकेटांची रचना आणि डीएससीची रचना ‘एक्स ५०९’ या एकाच मानकाची आहे. फरक एवढाच, की डीएससीवर कुणा माणसाचं नाव असतं. मुदत संपली की अशील सीएला फोन करतो, सीएचा आर्टिकल धावपळ करतो, पुन्हा एकदा व्हिडिओ काढून ओळख पटवावी लागते, आणि कटकट होत असली तरी टोकन कुणाचं आणि धावायचं कुणी यात संशय नसतो. व्हीसेंटरच्या पोटातली सर्टिफिकेटं कुणा माणसाच्या नावावर नसतात. इन्स्टॉल करताना व्हीसेंटर ती स्वतःच तयार करून घेतं, कुणाला काही विचारत नाही, आणि बसवणारा माणूस ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करून पुढच्या कामाला लागतो. मूळ मांडणीत मुख्य सर्टिफिकेट दोन वर्षांचं असतं, होस्टला दिलेलं पाच वर्षांचं आणि ज्याच्या सहीवर हे सगळं उभं ते मूळ सर्टिफिकेट दहा वर्षांचं. म्हणजे एकाच दिवशी लावलेल्या या घड्याळांचे गजर निरनिराळ्या वर्षी होणार, आणि बसवतानाच्या पडद्यावर यातलं फारसं काही दिसत नाही.

मुदत संपते तेव्हा प्रत्यक्षात काय होतं? समजा, सोमवारी सकाळी सिस्टीम अॅडमिन ब्राउझर उघडून व्हीसेंटरमध्ये लॉगिन करायला जातो. पडद्यावर येतं ‘५०३, सर्व्हिस अनअव्हेलेबल’. नव्या आवृत्तीत कधी नुसत्याच तीन शब्दांची ओळ येते : ‘नो हेल्दी अपस्ट्रीम’. कधी नुसता ५०० हा आकडा. यातला एकही संदेश तारखेबद्दल अवाक्षर काढत नाही. कारण तो संदेश देणारा असतो दारावरचा प्रॉक्सी. बाहेरची विनंती आतल्या सेवेकडे पोचवणं एवढंच त्याचं काम, आणि आतून उत्तर आलं नाही यापलीकडे त्याला काही माहीत नसतं. खरं कारण लॉगच्या फायलींत शंभरदा लिहून ठेवलेलं असतं, पण ते पाहायला आधी तिथवर पोचावं लागतं. भरीस भर म्हणजे डिस्क भरली तरी हाच ५०३, डीएनएस बिघडला तरी हाच ५०३, एखादी सेवा मेमरीअभावी उभी राहिली नाही तरी हाच. अडलेला माणूस मग सवयीनं हात घालतो तो रीस्टार्टला. ‘बंद करून चालू करून बघ’ हा आपल्याकडचा रामबाण उपाय इथं उलटतो. आधीपासून चालू असलेल्या काही सेवा मुदत उलटल्यावरही जुन्या ओळखीवर तग धरून असतात. रीस्टार्ट केल्यावर त्यांना नव्यानं ओळख पटवावी लागते, ती पटत नाही, आणि जे अर्धं चालत होतं तेही बसतं. म्हणून जाणकार माणसं ५०३ दिसल्यावर आधी दोन गोष्टी पाहतात. यंत्राचं घड्याळ बरोबर आहे का, आणि सर्टिफिकेटच्या तारखा काय म्हणतात. घड्याळ आधी, कारण ते पुढे पळालं असेल तर धडधाकट सर्टिफिकेटही मुदतबाह्य दिसतं. त्यानंतर डिस्क, आणि रीस्टार्ट सगळ्यात शेवटी.

पुढची गंमत खास व्हर्च्युअल जगातली आहे. व्हीसेंटर स्वतःच एक व्हीएम असतं आणि बहुतेक ठिकाणी ते ज्या होस्टांचा कारभार पाहतं त्यांतल्याच एकावर राहतं. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी त्याचा स्नॅपशॉट, म्हणजे आहे त्या स्थितीची गोठवलेली प्रत, घेणं अत्यावश्यक. पण स्नॅपशॉट घ्यायची सोय असते व्हीसेंटरमध्ये, आणि तेच तर बंद आहे. मग थेट होस्टवर लॉगिन करायचं. कुठल्या होस्टवर? भार वाटून देणाऱ्या यंत्रणेनं ते मधल्या काळात कुठे हलवलं असेल याचा पत्ता नसतो, तेव्हा एकेका होस्टवर जाऊन शोधायचं. व्हीसेंटरं एकमेकांना जोडलेली दोन-तीन असतील तर सगळी एकदम बंद करून सगळ्यांचे स्नॅपशॉट घ्यायचे; एकाचाच घेतला आणि तो परत लावायची वेळ आली तर त्यांच्यातला ताळमेळ तुटतो. कमांड लाइनवर जावं तर रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड नाकारला जातो, कारण त्याचीही मुदत मूळ मांडणीत ९० दिवसांचीच. हे सगळे अडथळे ओलांडले की खरी दुरुस्ती फारशी कठीण नसते. व्हीसेंटरमध्ये सर्टिफिकेट-मॅनेजर नावाचं साधन असतं. त्याच्या यादीतला आठवा पर्याय सगळी सर्टिफिकेटं नव्यानं तयार करतो. तो निवडून थोडं थांबावं लागतं, सेवा एकामागून एक उठू लागतात, आणि लॉगिनचा पडदा परत दिसतो. इथं बहुतेकजण हुश्श करून चहाला जातात, आणि पुढची चूक इथेच होते. बॅकअपचं सॉफ्टवेअर, नेटवर्कचं सॉफ्टवेअर, आपत्तीच्या वेळी पर्यायी केंद्र उभं करणारं सॉफ्टवेअर या सगळ्यांनी जुन्या सर्टिफिकेटचा ‘थंबप्रिंट’, म्हणजे ओळखीचा ठसा, जपून ठेवलेला असतो. नवं सर्टिफिकेट त्यांना परकं वाटतं आणि ती व्हीसेंटरशी बोलायचं थांबवतात. त्या रात्रीचा बॅकअप फसतो, त्याची ईमेल कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये न वाचलेली पडून राहते, आणि खरी गरज पडेल तेव्हा कळतं की बॅकअप तीन आठवडे झालेलाच नाही.

आता मुदतीच्या लांबीचा मुद्दा. व्हीसेंटरमध्ये लॉगिनची परवानगी देणारी एक सेवा आहे, तिला ‘एसटीएस’ म्हणतात. आत येणाऱ्याला ती टोकन देते आणि त्यावर आपल्या सर्टिफिकेटनं सही करते. २०१८ मध्ये आलेल्या ६.५ अपडेट २ या आवृत्तीपासून पुढे काही काळ, नव्यानं बसवलेल्या व्हीसेंटरमध्ये हे सर्टिफिकेट दोनच वर्षांचं निघत होतं. बाकीच्या सर्टिफिकेटांच्या यादीत ते सहजी दिसतही नव्हतं. परिणाम ठरलेलाच. २०१८ च्या मध्यात बसवलेली व्हीसेंटरं २०२० च्या मध्यापासून लॉगिन नाकारू लागली, आणि तेव्हा जगभर लॉकडाउन होता. डेटा सेंटरचे अॅडमिन घरी बसून दुरून कारभार पाहत होते. संदेश येई : ‘साइनिंग सर्टिफिकेट इज नॉट व्हॅलिड’. व्हीसेंटरच्या सगळ्या संदेशांत हा त्यातल्या त्यात प्रामाणिक म्हणायला हवा. व्हीएमवेअरनं तारीख तपासणारी आणि सर्टिफिकेट बदलून देणारी अशा दोन छोट्या स्क्रिप्ट काढल्या, पुढे आगाऊ इशाऱ्याची सोय केली, आणि नव्या आवृत्त्यांत या सर्टिफिकेटची मुदत दहा वर्षं करून टाकली.

हा शेवटचा उपाय मला पटत नाही. दोन वर्षं विसरायला पुरतात हे दिसल्यावर दहा वर्षं देणं म्हणजे विसरण्याची हमी देणं. आयटीत एकाच खुर्चीवर एकच माणूस दहा वर्षं बसत नाही, पुण्यात तर नाहीच. ‘तोवर सॉफ्टवेअरच बदललेलं असेल’ हा यावरचा नेहमीचा प्रतिवाद. पण सॉफ्टवेअर बदलतं म्हणजे बहुधा अपग्रेड होतं, आणि अपग्रेडमध्ये जुनी सर्टिफिकेटं नव्या घरात तशीच जातात. आवृत्ती नवी दिसते, तारीख जुनीच असते. या हिशेबात दोन वर्षांची मुदतही वाईटच. रोजच्या कामाचा भाग व्हावी इतकी ती जवळ नसते, आणि यंत्रच भंगारात जाईल इतकी दूरही नसते. बसवणारा माणूस तोवर दुसऱ्या कंपनीत असतो, त्यानं लिहिलेली टिपणं त्याच्याबरोबर गेलेली असतात आणि त्याच्या जागी आलेल्यानं हे काम आयुष्यात एकदाही केलेलं नसतं. वर्षातून आठदा करायचं काम माणूस झोपेतही करतो, किंवा कंटाळून यंत्राला शिकवून टाकतो. दोन वर्षांतून एकदा येणारं काम दरवेळी पहिल्यांदाच येतं.

मोठ्यांची उदाहरणं हेच सांगतात. २२ फेब्रुवारी २०१३ रोजी मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर या क्लाउडमधली साठवणीची सेवा जगभर एकदम कोलमडली. कारण सर्टिफिकेटची मुदत. नवं सर्टिफिकेट तयार नव्हतं म्हणावं तर तसंही नाही. ते आधीच काढून सुरक्षित ठेवलेलं होतं आणि सॉफ्टवेअरच्या पुढच्या अपडेटमध्ये घातलेलंही होतं. पण त्या अपडेटवर ‘यात सर्टिफिकेट आहे, याला शेवटची तारीख आहे’ अशी खूण कुणी केली नाही, म्हणून ते रांगेत इतर कामांच्या मागे पडलं. ६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनमधल्या ओटू कंपनीच्या सुमारे ३ कोटी २० लाख ग्राहकांचं मोबाइल इंटरनेट गेलं, जपानमध्ये सॉफ्टबँकेचीही सेवा त्याच दिवशी बंद पडली. दोन्हीकडे एरिक्सननं पुरवलेल्या सॉफ्टवेअरमधलं सर्टिफिकेट मुदतबाह्य झालं होतं. इथं माणसं कमी नव्हती, पैसा कमी नव्हता, आणि गजराची साधनंही कमी नव्हती. ते काम मात्र कुणाच्याच हातवळणीचं नव्हतं.

वेबसाइटच्या सर्टिफिकेटांपुरता जगानं हा धडा घेतलेला दिसतो. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या संयुक्त मंचानं कमाल मुदत टप्प्याटप्प्यानं खाली आणली : पाच वर्षं, मग ३९ महिने, मग ८२५ दिवस आणि २०२० पासून ३९८ दिवस. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी पुढचंही ठरवून टाकलं. १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून अवघे ४७. मोफत सर्टिफिकेट देणारी लेट्स एनक्रिप्ट ही संस्था तर सुरुवातीपासूनच ९० दिवसांवर ठाम होती, आणि त्यामागे माणसानं हातानं करण्याच्या भानगडीत पडूच नये हा उघड हेतू होता. २०२५ च्या जूनमध्ये तिनं मुदत संपत आल्याची स्मरणपत्रंही बंद केली. ४७ दिवसांचा हा नियम ऑफिसाच्या आतल्या व्हीसेंटरला लागू नाही. तिथली सर्टिफिकेटं घरचीच. म्हणूनच तिथं शिस्त बाहेरून लादली जाणार नाही, ती आपली आपण लावून घ्यावी लागते.

यावर साधा आणि रास्त सवाल असा : मुदत हवीच कशाला? जे सर्टिफिकेट काल चाललं ते आज का चालू नये? उत्तर किल्लीत आहे. सर्टिफिकेटमागची गुप्त किल्ली जुन्या बॅकअपमध्ये, नोकरी सोडून गेलेल्याच्या लॅपटॉपवर, कंत्राटदाराच्या पेनड्राइव्हवर कुठे कुठे पोचली असेल याचा हिशेब कुणी ठेवत नाही. किल्ली चोरीला गेली तर सर्टिफिकेट रद्द करण्याची सोय कागदावर आहे, पण रद्द झालेल्यांची यादी तपासण्यात सॉफ्टवेअरं चालढकल करतात. मुदत हा एकच बंदोबस्त असा की त्यासाठी कुणाला काही करावं लागत नाही. आणि मुदत संपल्यावर काम अडतं, ही तक्रार असली तरी न अडणं त्याहून वाईट, याचा दाखला अमेरिकेतल्या इक्विफॅक्सचा. लोकांच्या कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या या कंपनीत आत-बाहेर जाणारी माहिती तपासणाऱ्या उपकरणाचं सर्टिफिकेट कित्येक महिने मुदतबाह्य होतं. काम अडलं नाही. उपकरण नुसतं आंधळं झालं. २०१७ च्या मेपासून चोर आत वावरत होते. २९ जुलैला कुणीतरी सर्टिफिकेट बदललं आणि लगेच संशयास्पद हालचाल दिसली. तोवर १४ कोटींहून अधिक अमेरिकनांची माहिती गेली होती.

सगळ्याच मुदती अशा सकारण नसतात, हेही खरं. १२ ऑगस्ट २००८ रोजी व्हीएमवेअरच्याच ईएसएक्स ३.५ अपडेट २ या आवृत्तीतली व्हीएम जगभर सुरू व्हायला नकार देऊ लागली. चालू असलेली चालत राहिली, बंद केलेली उठेनात. चाचणीच्या काळात आवृत्ती ठरावीक दिवशी बाद व्हावी म्हणून घातलेला कोड विक्रीच्या आवृत्तीत तसाच राहून गेला होता. नुकतेच प्रमुखपदी आलेले पॉल मारिट्झ यांना जाहीर माफी मागावी लागली. तेव्हाचा तातडीचा उतारा होता होस्टचं घड्याळ मागे नेण्याचा. सर्टिफिकेट संपलं तरी आजही कुणीतरी हाच सल्ला देतं, आणि तो तात्पुरता लागूही पडतो. पण व्हीएम वेळ विचारतात ती बऱ्याचदा होस्टलाच. घड्याळ मागे गेलं की व्यवहारांच्या नोंदींवर खोट्या वेळा पडतात, लॉगचा क्रम उलटासुलटा होतो, आणि विंडोज नेटवर्कमधलं लॉगिन तर मूळ मांडणीत पाच मिनिटांपेक्षा जास्त तफावत खपवूनच घेत नाही. बँकेच्या सर्व्हरवर हा प्रयोग करणाऱ्याला पुढे ऑडिटरपुढे बसायचं आहे, हे त्यानं लक्षात ठेवावं.

माझ्या म्हणण्यावरचा खरा आक्षेप वेगळाच आहे. मुदत लहान केली की नूतनीकरण यंत्रावर सोपवावं लागतं, आणि यंत्र चुकलं तर एकदम सगळीकडे चुकतं. याचा पुरावाही अझ्युरमध्येच आहे. तिथं प्रत्येक व्हीएम सुरू होताना आतला एक छोटा प्रोग्रॅम एक सर्टिफिकेट तयार करायचा, एक वर्षाच्या मुदतीचं. मुदत काढायची रीत भोळी : आजच्या तारखेतल्या वर्षात एक मिळवायचा. २९ फेब्रुवारी २०१२ उजाडला तेव्हा उत्तर आलं २९ फेब्रुवारी २०१३. असा दिवसच नव्हता, त्यामुळे सर्टिफिकेट बनेना. तीनदा फसल्यावर होस्टनं निष्कर्ष काढला की आपलंच हार्डवेअर बिघडलं, त्यानं स्वतःला आजारी घोषित केलं, आणि व्यवस्थेनं त्याच्यावरची व्हीएम दुसऱ्या होस्टांवर हलवली. तिथंही त्यांनी तेच केलं, आणि धडधाकट यंत्रं एकामागून एक आजारी पडत गेली. घाईत केलेल्या दुरुस्तीत न जुळणारा एक भाग जाऊन सात क्लस्टरांतल्या व्हीएमचं नेटवर्कही तुटलं, ते वेगळंच. हा आक्षेप मी उडवून लावत नाही. पण त्यातली चूक वर्ष मोजण्याची होती, आणि वर्ष मोजावं लागलं कारण मुदत वर्षाची होती. ४७ दिवस मिळवताना लीप दिवस आडवा येत नाही. त्याहून महत्त्वाचं, चार वर्षांतून एकाच दिवशी उघडी पडणारी चूक त्या दिवसापर्यंत कुणाला दिसलेलीच नसते. रोज कुठे ना कुठे, थोड्या थोड्या यंत्रांवर होणारं नूतनीकरण फसलं तर दहा यंत्रांवर फसतं आणि दुपारपर्यंत कळतं. गजराचंही तसंच. व्हीसेंटरमध्ये सर्टिफिकेटचा इशारा असतो, पण कुठल्या तरी कोपऱ्यात ठेवलेली जुनी, वापरात नसलेली सर्टिफिकेटं संपली तरी तो वाजतो. दोनदा खोटा ठरलेला गजर तिसऱ्यांदा कुणी पाहत नाही. सर्टिफिकेट वारंवार बदलणाऱ्याला ती जुनी अडगळ साफ करावीच लागते.

राहिला प्रश्न छोट्यांचा. दोन होस्ट, एक व्हीसेंटर आणि आठवड्यातून एकदा येणारा एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारावरचा, मुलगा, अशी कोथरूडमधली ऑफिसं, क्लिनिकं, छोट्या शिक्षणसंस्था ४७ दिवसांचं वेळापत्रक कुठून सांभाळणार? व्हीसेंटरच्या नव्या आवृत्त्यांत सेवा बंद न करता सर्टिफिकेट बदलण्याची सोय आली आहे, पण त्यांच्याकडे जुनी आवृत्ती असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर विकत घेतल्यावर कायमचे परवाने विकणं बंद झालं, वर्गणीचा खर्च परवडेना म्हणून अनेकजण प्रॉक्समॉक्ससारख्या मुक्त सॉफ्टवेअरकडे वळले. तिथंही प्रत्येक होस्टला सर्टिफिकेट आणि प्रत्येक सर्टिफिकेटला तारीख आहेच. अशा ठिकाणी ४७ दिवसांचा हट्ट व्यर्थ, हे मान्य. पण दोन वर्षं वाट पाहायचीही सक्ती नाही. मुदत संपण्याआधी कधीही बदलता येतं. वर्षातून एक दिवस ठरवला तरी पुष्कळ. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला नाहीतरी सर्व्हरच्या रॅकला झेंडूची माळ पडते, हळदकुंकू लागतं आणि ऑफिसातली सगळी माणसं एकदा तरी त्या बंद खोलीत डोकावतात. त्याच आठवड्यात, मुदत शिल्लक असतानाच, सर्टिफिकेटं बदलून टाकावीत : स्नॅपशॉट घेऊन, दिवसाउजेडी, एएमसीवाला समोर असताना, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॅकअप खरंच झाला का ते पाहून. एएमसीच्या करारात तक्रार केल्यापासून किती तासांत माणूस यायचा ते ठळक छापलेलं असतं. व्हीसेंटर कुठल्या होस्टवर आहे, रूटचा पासवर्ड कधी बदलला आणि सर्टिफिकेटं कुठल्या तारखेला संपतात यासाठी त्याच कागदावर तीन रकाने वाढवायला एएमसीवाला जादा पैसे मागणार नाही.